सेन्सर खरेदी समितीचं कामकाज

आमच्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला तेव्हा मला वाटलं, एक भाग तडकलाय, तो बदलायचा आणि संपलं. हा माझा भाबडेपणा. लग्नाला चार वर्षं होऊनही मी ‘बदलायचं आणि संपलं’ असं म्हणते, आणि घरातली माणसं माझ्याकडे अशी बघतात, जशी आपण ढब्बूकडे बघतो ती चमचा तोंडाऐवजी कानात घालते तेव्हा. मायेनं, पण आशा सोडून.

ढब्बू म्हणजे आमची मुलगी. वय दहा महिने, दात चार, आणि दोन पाचवीला पुजल्यासारखे कायम येऊ घातलेले.

तर आमच्या घरात वस्तू विकत घेत नाहीत. त्यांची खरेदी प्रक्रिया होते. माझे सासरे, म्हणजे बाबा, चौतीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होते. ते निवृत्त झाले. विभाग झाला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी आला आणि बैठकीच्या खोलीत कपाटाच्या खालच्या दोन खणांत राहू लागला. कुकरची रबरी रिंग घ्यायची तरी तीन दुकानांचे लेखी दर, तुलनात्मक तक्ता, समितीची बैठक आणि ठराव. ढब्बूसाठी पाळणा घेण्याचा प्रस्ताव मला सातवा महिना लागला तेव्हा मांडला गेला. पाळणा आला त्या दिवशी ढब्बू रांगत दारापर्यंत जाऊन त्याचं स्वागत करून आली. हल्ली त्यात कांदे असतात.

एरवी मी या सगळ्याकडे कौतुकाने बघते. बाबांसारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही. पण या वेळी माझी सुट्टी संपत होती. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं, आणि आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात ढब्बूसाठी एक जागा राखून ठेवली होती. सोमवारपर्यंत. सोमवारी बाळ आलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाळाला, हे पाळणाघराच्या बाईंनी मला तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा इतक्या गोड आवाजात की मला घाम फुटला. ढब्बू दुपारी बाराला माझ्याशिवाय कुणाकडूनही दूध घेत नाही. बाटली, वाटी, चमचा, आजी, सगळं करून झालं. ती तोंड मिटून, मान फिरवून बसते, एखाद्या उपोषणाला बसलेल्या पुढाऱ्यासारखी. तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर आणि ती तळमजल्यावर, एवढंच अंतर आम्हां दोघींना परवडणार होतं. बसने जायचं म्हटलं तर दोन बस बदलायच्या. मी एकदा रंगीत तालीम केली होती. कडेवर ढब्बू, एका खांद्यावर तिची पिशवी, दुसऱ्यावर माझी. त्या तालमीतला ढब्बूचा डावा बूट अजून त्या मार्गावर प्रवास करतो आहे.

म्हणून गाडी हवी होती. आणि गाडीच्या वार्षिक धूर तपासणीची मुदत नेमकी रविवारी संपत होती.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या अंगाला चिकटलेला तो जाड लोखंडी भाग, ज्यातून धूर बाहेर पडतो. आमच्या गाडीचं वय पाहता तो आता कुणी बनवत नाही, असं मेकॅनिकने सांगितलं. त्याऐवजी हेडर बसवता येईल, म्हणाला. चार सुट्या चकचकीत नळ्या, पुढे जाऊन एकात मिळणाऱ्या. हे ऐकल्याबरोबर माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तसा तो ढब्बूच्या जन्माच्या वेळीही पडला नव्हता. (तेव्हा तो घाबरला होता, असं त्याचं म्हणणं. असेल.) गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या नळ्यांपाशी तो उकिडवा बसला आणि त्यांच्यावरून बोटं फिरवू लागला.

मेकॅनिक मग माझ्याकडे वळला, कारण ऐकायला तिथे दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“ताई, एक लक्षात ठेवा. हेडरबरोबर ऑक्सिजन सेन्सर नवा लागेल,” तो म्हणाला. “जुना इंजिनाला खेटून असायचा, भट्टीच्या तोंडाशी. आपोआप तापायचा. तापल्याशिवाय तो काम करत नाही. हेडरमध्ये त्याची जागा हातभर लांब आहे, तिथे पोचेपर्यंत धूर निवतो. म्हणून आतमध्ये स्वतःचा हीटर असलेला घ्या. चार वायरींचा. दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी आणि करडी निरोपाच्या.”

एवढं सोपं होतं. हा सेन्सर म्हणजे काय, तर इंजिनातून निघणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं. त्याप्रमाणे कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. प्रत्येक इमारतीत असं एक माणूस असतंच. आपण बाहेर काय टाकतो ते हुंगून वरपर्यंत पोचवणारं. फरक एवढाच, की माणसाला त्यासाठी तापवावं लागत नाही.

घरी येऊन मी ढब्बूचे कपडे बदलता बदलता सांगून टाकलं, चार वायरींचा सेन्सर आणायचा आहे. बाबांनी चष्मा लावला. म्हणाले, “असं एकदम कसं?” आणि कपाटाचा खालचा खण उघडला.

समितीची पहिली बैठक त्याच संध्याकाळी झाली. बाबा अध्यक्ष. नवरा तांत्रिक सदस्य, कारण त्याने गाडीची माहितीपुस्तिका वाचलेली आहे, निदान ती त्याच्या उशाशी असते. सासूबाई, म्हणजे आई, वापरकर्त्यांच्या प्रतिनिधी. आणि मी सदस्य-सचिव, म्हणजे इतिवृत्त लिहिणारी. मला मत नाही. हे पद मला अक्षर चांगलं म्हणून मिळालं, आणि ते सोडता येत नाही, कारण राजीनामा लिहायलाही अक्षर चांगलं असणारं माणूस लागतं.

बाबांचं म्हणणं, जुन्या सेन्सरला एक वायर होती, गाडी चौदा वर्षं त्याच्यावर चालली, तेव्हा एक वायर हा सिद्ध झालेला मंजूर नमुना आहे. त्यापासून फारकत घ्यायची तर कारण लेखी द्यावं लागेल. नवऱ्याने दुपारभर फोनला चिकटून इंटरनेटवरच्या चार हजार अनोळखी लोकांशी सल्लामसलत केली होती आणि तो पाच वायरींच्या सेन्सरवर येऊन थांबला होता. एक वायरवाला फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच सांगतो, पाचवाला किती ते नेमकं सांगतो, म्हणाला. शर्यतीच्या गाड्यांत असतो. आमची गाडी ज्या सर्वांत मोठ्या शर्यतीत उतरणार होती ती सकाळी नऊ पाचच्या हजेरीची होती, हे मी बोलले नाही. आईंनी वापरकर्त्यांतर्फे एवढंच सांगितलं की कुठलाही घ्या, पण बाळाच्या नाकात धूर जाता कामा नये.

मी लिहिता लिहिता म्हटलं, मेकॅनिकने चार वायरींचा सांगितला आहे, हीटरसाठी. बाबांनी मान डोलावली आणि अतिशय सौजन्याने सांगितलं, “लिही की मग. सदस्य-सचिवांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.”

मी माझ्याच अक्षरात ते लिहिलं.

बाहेर बातमी फुटायला वेळ लागला नाही. हेडर गाडीला लागून आलं होतं, जुना सेन्सरच तात्पुरता त्यात फिरवून बसवला होता, आणि गाडीचा आवाज असा बदलला होता की नवरा वळणावर असतानाच अख्ख्या गल्लीला कळायचं. जिन्यात जो भेटेल तो सेन्सरबद्दल बोलू लागला. एकाने सुचवलं, जुनाच काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. समोरच्या दारातले गृहस्थ म्हणाले, सेन्सर हवाच कशाला, माझ्या मेहुण्याने काढूनच टाकला, गाडी नुसती उडते. मेहुणे हल्ली कुठे असतात, असं मी सहज विचारलं तर त्यांना घरात दूध उतू गेल्याचा वास आला.

पण ज्यांच्या मताला वजन होतं ते वरच्या मजल्यावरचे सर. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते मत देत नाहीत, प्रयोग करतात. त्यांनी बाबांना सांगितलं की कागदावर चर्चा कसली करता, नमुने मागवा, मी परीक्षण करून देतो. ‘नमुने’ आणि ‘परीक्षण’ हे शब्द बाबांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळल्याचं मी स्वतः पाहिलं.

तीन दुकानांतून तीन नमुने आले, पसंत न पडल्यास परत या बोलीवर. एका सेन्सरसाठी लेखी कोटेशन मागणारं गिऱ्हाईक आजवर आलेलं नव्हतं, म्हणून एका दुकानदाराने ते कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे लिहून दिलं. बाबांनी ते ‘सुव्यवस्थित नाही’ असा शेरा मारून स्वीकारलं. हे सगळं होईपर्यंत बुधवार उजाडला. मी रोज सकाळी ढब्बूला कडेवर घेऊन कॅलेंडरपाशी उभी राहायची. तीही माझ्यासारखीच गंभीरपणे बघायची, आणि मग पान फाडायला हात घालायची. मुदत लवकर संपवण्याचा तिचा मार्ग माझ्यापेक्षा सरळ होता.

परीक्षण आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर. आईंनी दुधाचं पातेलं उतरवून जागा करून दिली, पण तिथून हलल्या नाहीत. शेगडी त्यांची होती. सरांच्या एका हातात सांडशी, सांडशीत सेन्सर. नवऱ्याच्या हातात व्होल्ट मोजायचा मीटर. बाबा तक्ता घेऊन. मी दारात, ढब्बूला खांद्यावर थोपटत, कानाला पेन.

सरांनी तत्त्व समजावून सांगितलं. सेन्सरचं टोक ज्वाळेत धरायचं. ज्वाळेत प्राणवायू नाही, म्हणजे सेन्सरने वीज दाखवली पाहिजे. जो दाखवेल तो पास. तत्त्वात खोट नव्हती. मी नंतर पुस्तिकेत पाहिलं, अगदी असंच करतात.

पहिला एका वायरीचा. दोन मिनिटांत टोक लालबुंद झालं आणि मीटरचा आकडा टुणकन वर गेला. शून्य पूर्णांक आठ. सरांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी तक्त्यात ‘उत्तम’ लिहिलं.

दुसरा पाच वायरींचा. पाचांपैकी कुठल्या दोन मीटरला लावायच्या, यावर एकमत होईना. पाचातून दोन निवडण्याचे दहा प्रकार होतात, असं सरांनी गणित करून सांगितलं, आणि चौथ्या प्रकाराला सांडशी इतकी तापली की त्यांनी ‘परीक्षणास असहकार’ असा शेरा द्यायला सांगितलं. नवऱ्याचा चेहरा पाहवेना.

तिसरा चार वायरींचा. दोन वायरी सारख्याच पांढऱ्या, म्हणजे ती जोडी असणार, असा तर्क करून नवऱ्याने त्याच दोन पकडल्या. ज्वाळेत टोक लाल, आणि मीटरवर शून्य. पाच मिनिटं शून्य.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, पांढऱ्या दोन हीटरच्या आहेत, त्यांतून काय येणार, काळी आणि करडी धरा. आणि दुसरं, शेगडीवर धरल्यावर कोणीही तापेल. गाडीत तो आगीपासून हातभर लांब राहणार आहे. न तापवता ज्याला स्वतः तापता येतं तोच हवा, हेच तर पाहायचं होतं ना?

सर थांबले. सांडशी खाली घेऊन माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, “प्रश्न फार चांगला आहे.” वर्गात ज्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचं नसतं त्याला ते असंच म्हणत असणार. मी पुढे बोलणार एवढ्यात ढब्बूने माझ्या कानावरचं पेन काढून तोंडात घातलं आणि मी ते काढून घेतल्यावर अशी काही किंचाळली, की सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, जा, आधी तिला बघ.

तिला झोपवून मी परत आले तेव्हा ठराव झाला होता. एक वायर मंजूर. उरलेले दोन नमुने बाबांनी लखोट्यांत घालून, तोंडावर लाख लावून, शिक्का मारून, सही करून बंद केले होते. वर लाल शाईत ‘नामंजूर नमुना, परत करणे’. शिक्का कारखान्याचा नव्हे, ती अफरातफर बाबा करणार नाहीत. शिक्का म्हणजे माझ्या शिवणाच्या डब्यातलं एक मोठं बटण. पण त्याचा ठसा लाखेवर उठलेला पाहून दुकानदारसुद्धा उठून उभा राहिला असता.

शुक्रवारी मेकॅनिकने तो एक वायरवाला हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ढब्बूकडे पाहिलं. बाबांनी त्याला ठरावाची प्रत दाखवली. तो बिचारा काय बोलणार, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. बसवून झाल्यावर हात पुसत मला हळूच एवढंच म्हणाला, “पळती राहिली तर चालेल ताई. उभी राहिली की झोपेल हा.”

शनिवारी सकाळी पावणेदहाला आम्ही तपासणी केंद्रावर. गाडी रस्त्यावर छान पळाली होती, बाबा पुढच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन समाधानाने बसले होते, आणि मी मागे ढब्बूबरोबर बसून, ती माझी बांगडी चावत असताना, आपलंच चुकलं असेल अशी मनाची तयारी करत होते. त्या वेळी मला माझं चुकलेलंच हवं होतं. खरंच.

केंद्रावर रांग. आमच्यापुढे सात गाड्या. इंजिन बंद करायचं नाही, गाडी गरमच हवी, अशी पाटी. आणि खिडकीतला माणूस शिक्क्याच्या शाईची बाटली शोधायला गेलेला. चाळीस मिनिटं आम्ही उभे. उभ्या गाडीतून धूर संथ येतो, हेडरच्या त्या चकचकीत नळ्यांमध्ये निवतो, आणि हातभर अंतरावर आमचा मंजूर, उत्तम शेरा मिळालेला सेन्सर हळूहळू गार होत गेला आणि झोपला. मला ते आतून कळलं. अर्ध्या तासाने इंजिन अडखळायला लागलं, मग पेट्रोलचा उग्र वास यायला लागला. ज्याच्या नाकावर विसंबून मोजूनमापून पेट्रोल घालायचं, तोच घोरत पडल्यावर कॉम्प्युटर काय करणार, घालतोय आपला अंदाजाने ओंजळी. आईंनी घातलेली एकमेव अट आठवून मी खिडकी उघडावी की मिटावी, या विचारात पडले.

आमचा नंबर लागला. तपासनिसाने मागच्या नळीत कांडी घातली, यंत्राकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग कांडी बाहेर काढून झटकून परत घातली. त्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटलं असावं.

नापास.

बाबा फाईल घेऊन उतरले. पुढची दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. दोन मुरलेले कागदवाले समोरासमोर. बाबांनी परीक्षणाचा तक्ता पुढे केला. तपासनिसाने तो आदराने वाचला आणि आदराने परत केला. मग त्याने अर्जावर बोट ठेवलं. हेडर बसवलंय ना, मग ‘भागाचं स्वरूप’ या रकान्यात काय लिहिलंय? रकान्यात दोनच पर्याय होते, ‘मूळ’ आणि ‘मूळसारखा’. बाबांनी खिशातून पेन काढून ‘मूळसारखा’वर खूण केली आणि खाली आद्याक्षरं घातली. तपासनीस खूश. त्यांच्यात जे काही चाललं होतं त्याला भांडण म्हणता येणार नाही. दोन गवई एकमेकांना दाद देत होते. फक्त गाडी नापासच राहिली. दुपारी एकपर्यंत दोष काढून आणलात तर याच पावतीवर पुन्हा बघतो, म्हणाला. नाहीतर नवा अर्ज, पंधरा दिवस.

तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मेकॅनिकचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. आणि चार वायरींचा सेन्सर बाबांच्या फाईलमध्येच होता, लाखबंद लखोट्यात. तपासणीनंतर परस्पर दुकानात परत करायचा म्हणून त्यांनी तो बरोबर घेतला होता.

नवरा म्हणाला, दे इकडे. बाबांनी लखोटा छातीशी धरला. नामंजूर नमुना वापरता येत नाही. वापरायचा तर आधीचा ठराव रद्द करावा लागेल, त्यासाठी बैठक, बैठकीला गणसंख्या, आई घरी. मग नवऱ्याने फोन काढला आणि त्या चार हजार लोकांना विचारू लागला की उभ्या गाडीत सेन्सर गार होऊ नये म्हणून काय गुंडाळता येईल. एकाने लगेच उत्तरही दिलं. नवरा माझ्या ओढणीकडे बघायला लागला.

मी ढब्बूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला भांडायचं होतं. चार दिवस मनातल्या मनात मी इतकं सुंदर भांडले होते, की एक वाक्यही फुकट जायला नको होतं. पण बाबांचा चेहरा पाहिला. ते अडून बसले नव्हते. ते घाबरले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीने आलेली वस्तू कधी नापास झाली नव्हती, आणि लाख फोडली की ती झाली हे कायमचं ठरणार होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “सोमवारी बारा वाजता ही रडेल. तेव्हा मी तिच्याजवळ असेन की नसेन, एवढंच सांगा.”

ढब्बूने बाबांच्या चष्म्याला हात घातला. त्यांनी नेहमीसारखं डोकं मागे घेतलं नाही. मग त्यांनी लखोटा उलटा केला, अंगठ्याने लाख दाबली, ती तडकली. आतला सेन्सर माझ्या हातात देताना म्हणाले, “इतिवृत्तात काय लिहिशील?”

“काही नाही,” मी म्हटलं. “वही घरी आहे.”

मेकॅनिक आम्हाला पाहून हसला नाही, हे त्याचे उपकार. तापल्या नळीतून एक वायरवाला सोडवून काढला, चार वायरींचा बसवला, पांढऱ्या दोन्हींना वीज जोडून दिली, काळी जुन्या वायरीला, करडी इंजिनाच्या अंगाला. नवरा टॉर्च धरून उभा होता आणि पहिल्यांदाच काही बोलत नव्हता. बाबा बाकावर बसून ढब्बूला किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवत होते. सगळ्याला पाऊण तास.

परत रांग. या वेळी पुढे अकरा गाड्या, आणि शाईची बाटली सापडलेली असली तरी शिक्का हरवलेला. आम्ही उभे. इंजिन चालू. मी कान देऊन ऐकत होते, जसं मी रात्री ढब्बूचा श्वास ऐकते, एकसारखा आहे ना, मध्येच थांबत नाही ना. पंधरा मिनिटं, पस्तीस, एक तास. अडखळलं नाही. वास नाही. ढब्बू त्या घरघरीत झोपून गेली, तोंड उघडं, माझ्या हातावर लाळेचं एक तळं. एकला सात मिनिटं कमी असताना तपासनिसाने कांडी घातली, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि काय बदललंत म्हणून विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं होतं. बाबा त्याच्या आधी म्हणाले, “आमच्या सूनबाईंना विचारा. त्यांनीच निवडलाय.” आणि मग खाली आद्याक्षरं घालायला पेन माझ्यापुढे धरलं. ढब्बूचं डोकं हातावर असल्यामुळे माझी सही फार वाईट आली. तपासनिसाने ती तशीच चालवून घेतली.

सोमवारी मी वेळेच्या वीस मिनिटं आधी पाळणाघराच्या दारात. पूर्वतयारी जबरदस्त. ढब्बू रडेल तेव्हा काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं. माझा वास असावा म्हणून माझी जुनी ओढणी, तिचं पांघरूण, लाकडी चमचा. आणि मी स्वतः रडायचं नाही, हे तर आठवडाभर आधीच ठरलं होतं. बाईंनी हात पुढे केले. ढब्बू गेली. सरळ गेली. बाईंच्या गळ्यातली मण्यांची माळ तिने पकडली, एक मणी तोंडात घातला, आणि खोलीतल्या बाकीच्या सहा बाळांकडे बघत, एखाद्या नव्या साहेबासारखी, निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. ज्या मुलीसाठी मी अध्यक्ष, तांत्रिक सदस्य, रसायनशास्त्र आणि शासन यांच्याशी लढले, तिने मला दारातच नारळ दिला.

तिसऱ्या मजल्यावर मी सकाळभर काय काम केलं, ते मला सांगता येणार नाही. बारा वाजायला पाच कमी असताना जिना उतरले. खोलीत अंधार केलेला, बाळं झोपलेली. ढब्बूही झोपलेली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या, “झोपू दे, इतक्यात उठायची नाही ती. तुम्ही दीडला या.”

मी म्हटलं, बसते इथेच.

पाळण्याजवळ एक बुटकं स्टूल होतं, मुलांचं. त्यावर गुडघे हनुवटीला लावून मी बसले. साडेबारा झाले. वर माझं टेबल मोकळं, आणि कुणीतरी फोनवर दोनदा ‘कुठे आहात’ म्हणून विचारलं. पाऊण झाला. एकला दहा कमी असताना ढब्बूने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग मान वळवली आणि मी दिसले. क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग खालचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली, आणि तिने असं भोकाड पसरलं की बाकीची सहाही उठली.

बाई धावत आल्या. म्हणाल्या, “अगं बाई, सकाळपासून एकदाही रडली नव्हती हो.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.